हवामानाच्या मॉडेलला आपल्या शिवारातली पानं किती दिसतात?

येरळाकाठ
१४ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, आमच्या द्राक्षबागेची खरड छाटणी मागच्या आठवड्यात उरकली. सव्वा एकराचा मांडव, त्याच्या सावलीत आम्ही दुपारची भाकरी खायला बसायचो. आता वर नुसत्या तारा आणि ओलांडे (वेलीचे जाड फाटे) राहिलेत. ऊन थेट जमिनीवर पडतं, अनवाणी पाय टेकवत नाही.

बेदाण्याचं शेड अजून भरलेलं आहे, पाऊस परवडणारा नाही, त्यामुळे दिवसातून चार वेळा मोबाइलवर हवामान बघतो. रविवारी पलूसला दाजींकडे गेलो होतो. त्यांच्या घराला चारी बाजूंनी ऊस, पाटाला पाणी चालू. तिथे दुपारी तीनला पारा ३७ होता. त्याच वेळी मुलाने आमच्या बागेतला बघितला तर ४०.५. दोन्ही पारे एकाच दुकानातले, घरी शेजारीशेजारी ठेवले तर अर्ध्या अंशाच्या आत जुळतात. मोबाइलवर मात्र दोन्ही गावांना ३९.

तेव्हापासून रोज रात्री वाचत बसलोय. हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये जमिनीवरच्या पानांचा एक आकडा असतो, त्याला पर्णक्षेत्र निर्देशांक म्हणतात. एक चौरस मीटर जमिनीवर उभ्या असलेल्या पिकाची सगळी हिरवी पानं खुडून एकेक अंथरली, तर ती किती चौरस मीटर जागा व्यापतील तो हा आकडा. पानाची एकच बाजू धरायची. १९४७ साली वॉटसन नावाच्या इंग्रज पीकशास्त्रज्ञाने ही व्याख्या केली. उघड्या रानाला शून्य, भरलेल्या पिकाला तीन, चार, पाच.

हवामानाला पानांशी काय देणंघेणं, हे मला हिशेब करेपर्यंत नीट उमगलं नव्हतं. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २.४५ मेगाज्यूल उष्णता ओढून घेतं, म्हणजे विजेच्या पाऊण युनिटाला थोडं कमी. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. भर उन्हाळ्यात पाण्यावरच्या उसातून दिवसाला पाच मिलिमीटर उडालं असं धरा: वीस हजार लिटर, दहा हजारांचे दोन टँकर. त्याला लागणारी उष्णता साडेतेरा हजार युनिटांच्या घरात जाते. एका एकरावर, एका दिवसात! दाजींच्या उसात ही उष्णता वाफेबरोबर निघून जाते. आमच्याकडे पान नाही, वरची माती कोरडी, मग तीच उष्णता माती आणि हवा तापवते.

माझा प्रश्न साधा आहे. आज माझ्या मांडवावर पान शून्य आहे. मॉडेलने किती धरलंय, आणि ते त्याला कोण सांगतं?


कृष्णाकाठचा
१४ एप्रिल, रात्री १०:५५

दादा, आमच्या कराडकडे पण हाच अनुभव. रात्री मोटार चालू करायला उसाच्या पाणंदीत शिरलं की अंगाला गारवा आणि ओल लागते, आणि डांबरीवर आलं की झळ. उद्या उसाची पानं मोजून बघतो. वाचतोय.


ढगवाट
१५ एप्रिल, सकाळी ७:२०

मी पुण्यात काही वर्षं या मॉडेलच्या जमिनीच्या भागावर काम केलंय, गाव खटाव. दादा, प्रश्न नेमका विचारलात, म्हणून थोडं मागून सांगतो.

सुरुवातीच्या मॉडेलमध्ये पानं नव्हतीच. १९६९ मध्ये मनाबे या शास्त्रज्ञांनी जमिनीसाठी एक बादली कल्पिली, पंधरा सेंटीमीटर पाणी मावेल अशी. पावसाने भरायची, उन्हाने रिकामी व्हायची, भरून वाहिली की ओढ्याला पाणी. १९७८ मध्ये डियरडॉर्फ यांनी मातीवर पानांचा एक थर ठेवला. साऱ्या रानाचं मिळून जणू एकच मोठं पान. १९८६ मध्ये डिकिन्सन यांची आणि सेलर्स यांची, अशा दोन वेगळ्या पद्धती आल्या, त्यांत पानांवरची रंध्रं, म्हणजे पान ज्यांतून वाफ सोडतं ती बारीक छिद्रं, हिशेबात आली. (यातले पियर्स सेलर्स पुढे अंतराळवीर झाले, तीनदा यानातून वर गेले. ज्या हिरवळीची समीकरणं मांडली ती वरून बघायला मिळालेला माणूस.)

आज चालतं ते असं. पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. आपल्या हवामान खात्याच्या जागतिक मॉडेलचा चौकोन बारा किलोमीटरचा होता. २६ मे २०२५ ला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, तिचा सहा किलोमीटरचा. सहा म्हटलं तरी एका चौकोनात जवळपास नऊ हजार एकर येतात. तुमच्या भागात तेवढ्यात द्राक्ष, शाळू काढलेलं रान, माळ, ओढ्याकाठचा ऊस आणि गावठाण, सगळं आलं.

म्हणून चौकोनाचे वाटे करतात. नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र ब्रिटिशांचं मॉडेल चालवतं. त्याच्या मूळ मांडणीत नऊ वाटे आहेत आणि त्यांत वनस्पतींचे फक्त पाच: रुंद पानांची झाडं, सूचिपर्णी झाडं, सी३ गवत, सी४ गवत आणि झुडपं. (सी३, सी४ म्हणजे पान हवेतला कार्बन कसा पकडतं त्याच्या दोन तऱ्हा.) ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही सगळी सी४. हरळीसुद्धा सी४. म्हणजे कृष्णाकाठचा अठरा महिन्यांचा आडसाली ऊस आणि बांधावरची हरळी या यादीत एका रांगेत बसतात. तुमची बाग नकाशा करणाऱ्याच्या हाताने झुडपांत जाईल नाहीतर सी३ गवतात.

प्रत्येक वाट्याला पानांचा आकडा द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो महिन्यागणिक सरासरीचा असतो. युरोपियन हवामान केंद्राचंच बघा. नोव्हेंबर २०१० पर्यंत त्यांच्याकडे प्रत्येक वनस्पतीप्रकाराला बारमाही एकच आकडा होता, पौषात जो तोच आषाढात. तेव्हापासून बारा महिन्यांचे बारा नकाशे आले, मोडिस या उपग्रह-उपकरणाच्या २००० ते २००८ या नऊ वर्षांच्या सरासरीवरून काढलेले. डब्ल्यूआरएफ या दुसऱ्या खूप वापरातल्या मॉडेलमध्ये तक्ता असतो: या प्रकाराला कमीत कमी इतकी पानं, जास्तीत जास्त इतकी. उपग्रहाने दिलेल्या हिरवेपणाच्या मासिक सरासरीवरून मधला आकडा काढायचा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मॉडेलने तुमच्या चौकोनासाठी एप्रिलची सरासरी धरलेली असते. तुमची छाटणी आठ दिवस आधी झाली की नंतर, हे त्या सरासरीला माहीत नसतं.


डाळिंब_आटपाडी
१५ एप्रिल, दुपारी १:१०

ढगवाट साहेब, मग आमचं तर अवघडच आहे. डाळिंबाची पानगळ आम्ही स्वतः करतो. बहार धरायचा म्हणजे आधी झाडाचं पाणी तोडायचं, महिना-दीड महिना ताण द्यायचा, मग औषध मारून उरलीसुरली पानं पाडायची, छाटणी करायची आणि पाणी सोडायचं. तीन आठवड्यांत झाड परत हिरवं. मी मृग बहार धरतो, माझा चुलतभाऊ हस्त, बांधापलीकडचे आंबे बहार. एकाच शिवारात एकाचं झाड काड्या झालेलं असतं तेव्हा दुसऱ्याचं फळाने लगडलेलं असतं. ऋतू आम्ही ठरवतो, निसर्ग नाही.

आणि २००० ते २००८ म्हणालात, त्या काळात आमच्या शिवारात टेंभू उपसा योजनेचं पाणी आलेलं नव्हतं. कुसळं आणि बाभळी होत्या. आता पाण्याचं आवर्तन सुटलं की तलाव भरतो आणि मे महिन्यात पण हिरवं दिसतं. जुन्या सरासरीत आमचं आजचं रान कसं येणार?


ढगवाट
१५ एप्रिल, रात्री ८:३०

आटपाडीकर, तुम्ही जे लिहिलंत ते या विषयातलं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे. पानांची ही गणितं बांधली गेली तेव्हा डोळ्यांसमोर वसंतात पालवणारी आणि शरदात गळणारी जंगलं होती, किंवा पावसावर उगवणारं गवत. आपल्याकडे पानांचं पंचांग माणसाच्या हातात आहे: छाटणी, ताण, तोड, आवर्तन. पीक स्वतः वाढवणाऱ्या मॉडेलवर कामं झाली आहेत. नोआ-एमपी नावाच्या भूपृष्ठ मॉडेलमध्ये मका आणि सोयाबीनपासून सुरुवात झाली, कारण ते करणाऱ्यांच्या शेतांत तीच पिकं होती. द्राक्षाचा मांडव आणि उसाचा खोडवा यांच्यासाठी तसं कुणीतरी इथल्यानेच बसून करायला हवं. मला ते मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र मॉडेलच्या बाजूने सांगतो. युरोपियन केंद्राचं मॉडेल पाटपाणी असं वेगळं धरत नाही. पण दर काही तासांनी ते प्रत्यक्ष नोंदी बघतं. वेधशाळेतलं तापमान आपल्या हिशेबापेक्षा कमी आणि हवा जास्त दमट आली, तर ते समजतं की माती वाटली तेवढी कोरडी नाही, आणि मातीच्या थरांत थोडं पाणी वाढवतं. उपग्रहावरून येणारी मातीच्या ओलीची मापंही त्यात घेतात. त्यामुळे दाजींच्या पाटाचं पाणी थोडंफार आडवाटेने पोचतं. अडचण इतकीच की चूक पानांची असली तरी भरपाई मातीतून होते. मग आकडा आज जुळतो आणि आठवड्याने, हवा बदलली की, पुन्हा सुटतो.


कृष्णाकाठचा
१६ एप्रिल, सायंकाळी ६:४५

मोजलं. बारा महिन्यांचा ऊस, जात ८६०३२, साडेचार फुटी सरी. मळ्याच्या मध्यातले दहा ऊस घेतले, कडेचे सोडले. हिरवी पानं तेवढीच धरली, वाळलेलं पाचट सोडून दिलं. सरासरी नऊ पानं. पानाची लांबी सरासरी १३० सेंटीमीटर, रुंदी मधोमध साडेचार. पान दोन्हीकडे निमुळतं असतं म्हणून गुणाकाराला ०.७५ ने गुणायचं असं मक्याला करतात, ऊस त्याच भाऊबंदातला म्हणून तेच धरलं. एक पान आलं ४३९ चौरस सेंटीमीटर. नऊ पानं मिळून ०.३९५ चौरस मीटर.

एकरी चाळीस हजार ऊस ही आपली नेहमीची मोजणी. एकराचे चौरस मीटर ४०४७, म्हणजे मीटरला दहाला थोडे कमी. गुणाकार करून आकडा आला ३.९.

हात पार कापले गेलेत पानांच्या कडांनी, पण उत्तर बघून समाधान वाटलं. आमच्या रानावर जमिनीच्या चौपट पान उभं आहे, हे आजवर कधी असं डोळ्यांपुढे आलं नव्हतं.


ढगवाट
१६ एप्रिल, रात्री ९:१५

फार सुंदर काम केलंत. ३.९ अगदी पटण्यासारखा आकडा आहे.

आता यातली एक खोच बघा. पानं एकमेकांवर येतात, त्यामुळे चौपट पान म्हणजे चौपट सावली नव्हे. पानं कशीही विखुरलेली धरली तर जमिनीवर पोचणारं ऊन ठरावीक प्रमाणात घटत जातं. निर्देशांक १ असेल तर साधारण ६० टक्के ऊन खाली पोचतं. २ ला ३७, ३ ला २२, ४ ला १४, ५ ला ८. पहिल्या एकाने चाळीस टक्के ऊन अडलं, चारावरून पाचावर जाताना फक्त सहा टक्के जास्त.

उपग्रहाची हीच पंचाईत होते. तो पान मोजत नाही. पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं, त्या दोन्हींच्या फरकावरून तो हिरवेपणा काढतो. तीन-चारच्या पुढे वरून सगळं सारखंच गच्च हिरवं दिसतं. त्यामुळे साडेतीनचा ऊस आणि साडेपाचचा ऊस वेगळा ओळखणं त्याला जड जातं. उलट ० आणि १ मधला फरक त्याला छान कळतो, आणि हवा तापण्याच्या दृष्टीने मोठा फरकही तिथेच आहे. म्हणजे येरळाकाठ दादांची छाटणी उपग्रहाला दिसायला हवी. ती दिसते, पण रोजच्या अंदाजाला सरासरीच दिली तर त्या दिसण्याचा उपयोग होत नाही.


मिरज_जंक्शन
१७ एप्रिल, सकाळी ११:०५

चर्चा उत्तम, पण मूळ पोस्टमधल्या साडेतीन अंशांवर माझा आक्षेप आहे. पारा कुठे टांगला होता? वेधशाळेत तो सावलीच्या, हवा खेळणाऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. मांडवाच्या लोखंडी अँगलला बांधला असेल तर तो अँगलचं तापमान सांगतो. दाजींचं अंगण शेणाने सारवलेलं आणि झाडाखालचं असेल तर तेही चालत नाही. आधी दोन्ही सारखे ठेवा, मग पानांना जबाबदार धरा.


येरळाकाठ
२१ एप्रिल, रात्री ९:००

मिरजकर, तुमचं म्हणणं रास्त आहे. पारा अँगललाच होता. मग पांढऱ्या प्लास्टिकच्या आठ ताटल्या घेतल्या, मध्ये भोकं पाडली, बोटभर अंतर ठेवून एकावर एक बसवल्या आणि आत पारा ठेवला. अशा दोन केल्या. एक बागेत, एक दाजींच्या उसाशेजारच्या मोकळ्या जागेत, दोन्ही पाच फुटांवर बांबूला.

चार दिवस दुपारी तीनची नोंद घेतली. फरक आता दोन अंशांच्या आसपास येतो, एक दिवस दीड होता. साडेतीनातला बराच भाग अँगलचा होता हे मान्य. पण दोन अंश उरलेत आणि ते रोज त्याच बाजूला आहेत. सकाळी सहाला मात्र फरक जवळजवळ नाही.


वाईची_सुमन
२२ एप्रिल, दुपारी ४:२०

मी वाईला शाळेत विज्ञान शिकवते. हा धागा नववीच्या मुलांना वाचून दाखवला, त्यांनी दोन प्रश्न दिलेत.

पहिला: पावसाळ्यात महाबळेश्वर, जावळीवर महिना महिना ढग असतो, मग उपग्रहाला पानं दिसतात कशी? दुसरा: पानं जास्त असली तर पाऊस जास्त पडतो का?


ढगवाट
२२ एप्रिल, रात्री १०:१०

सुमनताई, मुलांना शाबासकी सांगा.

पहिल्याचं उत्तर: पुष्कळदा दिसतच नाहीत. मोडिसचा पानांचा नकाशा आठ दिवसांतली चांगली नजर निवडून करतात, चौकट ५०० मीटरची. जुलैमध्ये आठही दिवस ढग असले की भोक पडतं किंवा ढगाची कड मिसळून आकडा खोटा कमी येतो. मग ऐन आषाढात, सह्याद्री सगळ्यात हिरवा असताना, नकाशात पानं घटल्यासारखी दिसतात. बऱ्याच वर्षांची सरासरी घेण्यामागे हेही एक कारण आहे, भोकं बुजतात. रडार असलेले उपग्रह ढगांतून बघतात, सेंटिनेल-१ त्यातला, पण त्याला पानाबरोबर ओली माती आणि पिकाची रचनाही जाणवते. ते सोडवून घेणं वेगळं काम आहे.

दुसऱ्याचं: महाबळेश्वरच्या जुलैच्या पावसाला पानांनी फार फरक पडत नाही. तो ओलावा अरबी समुद्रावरून येतो आणि घाट त्याला वर ढकलतो. एप्रिल-मेच्या वळवाचं वेगळं. तेव्हा दुपारी जमीन किती तापली आणि खालच्या हवेत वाफ किती आहे, यावर ढग उभा राहील की नाही हे बरंचसं ठरतं. ओल्या हिरव्या पट्ट्याला लागून कोरडं तापलेलं रान असलं की दोन्हींच्या मध्ये हवेची हालचालही वेगळी होते. येरळा आणि कृष्णा यांच्या मधला पट्टा नेमका तसा आहे. म्हणून बेदाणा शेडवर असताना पानांचा आकडा चुकलेला परवडत नाही.


येरळाकाठ
९ ऑगस्ट, दुपारी २:३०

धागा वर काढतो. गेले दोन दिवस इथे उघडीप आहे. सध्या साडेबाराच्या पुढे थोड्या वेळाने सूर्य ऐन डोक्यावर येतो, म्हणून आज मांडवाखाली पांढरी चादर अंथरली. तिच्यावर आधीच पेन्सिलीने शंभर चौकोन आखून ठेवले होते. वर काडी तयार झालीय, पान गच्च आहे. कवडसे पडलेले चौकोन मुलीने मोजले, अर्धे पडलेले अर्धे धरले. पाच जागी चादर हलवली. सरासरी शंभरात २२.

ढगवाट साहेबांच्या यादीत २२ ला ३ आहे. एप्रिलमध्ये शून्य, ऑगस्टमध्ये तीन.


डाळिंब_आटपाडी
९ ऑगस्ट, रात्री ८:५०

चादरीची युक्ती आवडली. आमची झाडं सुटी सुटी, दोन ओळींत बारा-चौदा फूट अंतर. चादर झाडाखाली एकदा आणि ओळींच्या मध्ये एकदा, अशी जागेच्या प्रमाणात टाकावी लागेल ना?


ढगवाट
१० ऑगस्ट, सकाळी ६:५५

बरोबर. झाडाखालचा आकडा वेगळा ठेवा आणि झाकलेली जमीन किती टक्के तेही वेगळं लिहा, दोन्ही एकत्र करू नका. मॉडेललाही हे दोन वेगळे लागतात: जमीन किती झाकली, आणि झाकलेल्या भागावर पान किती दाट. पुंजक्यांत असलेली पानं तेवढ्याच पण पसरलेल्या पानांपेक्षा कमी ऊन अडवतात. आटपाडीच्या डाळिंबात आणि तासगावच्या मांडवात हाच फरक आहे.


येरळाकाठ
१९ ऑक्टोबर, रात्री ९:२५

फळछाटणी ६ तारखेला झाली. पान पुन्हा शून्य. आसपास सोयाबीन निघालंय, दाजींचा ऊस उभा आहे, त्यांच्याकडचा पहिला फड दिवाळीनंतर तुटेल. ताटल्यांतले दोन्ही पारे जागेवर आहेत. आज दुपारचा फरक एकच अंश, खाली माती अजून ओली असल्यामुळे असावा. पहाटेची दमट हवा मात्र दोन्हीकडे सारखीच जाणवते. डाउनी या बुरशीरोगाची भीती असल्यामुळे आता रोज सकाळी ओलाव्याचीही नोंद घेतोय.

वेलीच्या काडीवरचे डोळे कापसलेत, म्हणजे फुटायच्या बेतात आहेत. दर आठवड्याला चादर टाकणार आहे, पहिलं पान उलगडल्यापासून मांडव झाकेपर्यंत. आकडे इथेच देत जाईन. कृष्णाकाठचे, तुमचा ऊस तुटायच्या आदल्या दिवशी आणि तुटल्यावर दोन्ही वेळा मोजता आला तर बघा. पाचट पेटवू नका, त्याची सावलीसुद्धा मोजायची आहे.